पुतळ्याचा पोटविकार

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. खुर्च्या केव्हाच भरल्या होत्या, भिंतीला टेकून माणसं दाटीवाटीनं उभी होती, आणि बाबांचा गारवा बाहेर जाऊ नये म्हणून सगळ्या खिडक्या घट्ट लावून घेतल्या होत्या. मंचावर लाल मखमलीत गुंडाळलेलं पिंपाएवढं काहीतरी उभं होतं. मखमलीला एक भोक पाडलं होतं आणि त्यातून एक गोल, जाड काच दिसत होती. शेजारी पांढऱ्या झग्यातले गारवाबाबा डोळे मिटून मंद हसत होते. बोलायचं काम त्यांच्या निवेदकाकडे होतं, आणि तो ते तोंडाला फेस येईपर्यंत करत होता.

"हा शुद्धिकुंभ! यात पाणी नाही, साबण नाही, सोडा नाही! तरी तुमचं कापड धुतलं जाणार, धुताधुताच वाळणार, आणि त्या कापडातून तुमच्या अंगातला रोग टपाटपा खाली पडणार! डॉक्टर काय करतात? कापतात! आमचे बाबा काय करतात? धुतात! आता कापून घ्यायचं की धुऊन घ्यायचं, तुम्हीच सांगा!"

"धुऊन!" सभागृह गरजलं.

एका म्हाताऱ्याचा सदरा कुंभात गेला. झाकण बसलं, दोन सेवकांनी मोठाले लोखंडी पाने घेऊन ते आवळलं. झाकण एवढं जाड का, तर रोगाला पळून जाता येऊ नये म्हणून, असं निवेदकानं सांगितलं. आत काहीतरी खळखळलं. काचेमागे सदरा गरगरा फिरताना दिसला. मग मोठा फुसकारा झाला, मखमलीखालून पांढरं धुकं लोळत मंचाच्या कडेवरून पहिल्या रांगेच्या पायांवर सांडलं आणि लोक शहारले. झाकण निघालं. सदरा बाहेर आला तो कोरडा ठणठणीत, बर्फासारखा गार आणि डाग म्हणून औषधालाही नाही. कुंभाच्या खालच्या तोटीतून वाटीत एक काळाकुट्ट चिकट ओघळ पडला.

"हा पाहा दमा!" निवेदक वाटी नाचवत म्हणाला. "चाळीस वर्षांचा!"

लोकांनी तोंडात बोटं घातली. पहिल्या रांगेतल्या दोन बायका डोलायला लागल्या, एका पोराचे डोळे मिटायला लागले. त्यांना बाबांची समाधी लागली, असं जाहीर झालं.

त्याच रांगेच्या टोकाला पुराव्या बसला होता. हे अर्थातच त्याचं खरं नाव नव्हे. पण कुणी "आज गरम आहे हो" म्हणालं तरी "पुरावा?" असं विचारायची खोड असल्यामुळे सगळं गाव त्याला त्याच नावानं ओळखत होतं. पोटासाठी तो एका कारखान्यात धुलाई खात्याचा प्रमुख होता. उरलेल्या वेळात तो विवेक मंडळाचा अध्यक्ष होता. मंडळाच्या सभेला तो स्वतः, खात्यातला फिटर आणि चहा फुकट मिळतो म्हणून येणारा एक निवृत्त गृहस्थ, एवढे लोक नियमित असत. रिकाम्या मुठीतून राख काढणं, नाडी थांबवणं, जिभेवर जळता कापूर ठेवणं, या सगळ्या युक्त्या पुराव्याला स्वतःला येत होत्या आणि त्या करून दाखवताना तो बाबा लोकांइतकाच खुलायचा. हे त्याच्या बहिणीनं त्याला अनेकदा सुनावलं होतं.

आज तो त्या बहिणीसाठीच आला होता. आक्का त्याच्याहून बारा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनंच शिवणकाम करून त्याला वाढवलं, शिकवलं. तिच्या मानेत गाठ आली होती. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, सुईनं नमुना काढला आणि स्पष्ट सांगितलं, "ही गाठ ठेवण्यातली नाही. लवकर काढली तर बरं होईल. थांबलात तर पसरेल." पुढच्या सोमवारची तारीखही दिली. आक्का कात्रीला कधी घाबरली नाही, पण ती कात्री कापडावर चालते तोवर. मानेवर सुरी म्हटल्यावर तिची गाळण उडाली. मग एका गिऱ्हाइकानं बाबांचं नाव सुचवलं. आक्कानं आपला गळपट्टा धुऊन घेतला, वाटीत पडलेला काळा ओघळ स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, आणि घरी येऊन म्हणाली, "आणखी दोन धुलाया झाल्या की गाठ विरघळते म्हणतात. मी काही सोमवारी जात नाही."

"मी येतो तुझ्याबरोबर," पुराव्या म्हणाला होता. "पाच मिनिटांत त्याचं पितळ उघडं पाडतो. मग तरी जाशील?"

"जाईन. पण नाही पाडता आलं, तर मी बाबांचंच ऐकणार. आणि तू गप्प बसायचं."

"कबूल," तो म्हणाला. हरण्याचा विचार त्याच्या मनात आलाही नव्हता.

आता आक्काचा गळपट्टा दुसऱ्यांदा कुंभातून निघाला, वाटीत पुन्हा काळा ओघळ पडला, आणि पुराव्या उठून उभा राहिला. त्यानं घसा खाकरला. भाषणाची सुरुवात त्यानं आरशासमोर करून पाहिली होती.

"बंधूंनो आणि भगिनींनो! हे धुकं म्हणजे कोरडा बर्फ! गरम पाण्याच्या घमेल्यात टाकला की असंच धुकं निघतं. नाटकवाले रोज करतात! त्या मखमलीखाली घमेलं आहे. आणि कापड? कापड हातचलाखीनं बदललेलं आहे!"

सभागृहात कुजबुज झाली. बाबांनी पहिल्यांदाच डोळे उघडले.

"बाळ," ते मायेनं म्हणाले, "कापड तुझ्या बहिणीचंच आहे का, तिलाच विचार. आणि घमेलं तू शोध. मखमल उचल, खाली जा, हवं तेवढा वेळ घे."

आक्कानं गळपट्टा उलटसुलट करून पाहिला. "माझाच आहे रे. ही माझीच दुमड आहे."

म्हणजे हातचलाखी बाद. उरलं घमेलं. पुराव्या मंचावर चढला, गुडघ्यांवर बसला आणि मखमलीखाली डोकं खुपसलं. तिथं धुकं साचलं होतं, हाताला हात दिसत नव्हता. त्यानं रांगत रांगत चारही बाजू चाचपल्या. एक नळी लागली, एक तोटी लागली, लोखंडाचे गार पाय लागले. घमेलं नव्हतं. पाण्याचा थेंब नव्हता. तो आणखी आत सरकला, आणखी वाकला. छाती भात्यासारखी वर-खाली व्हायला लागली, कानात शिट्ट्या वाजायला लागल्या, गुडघ्यांतलं बळ गेलं. कसाबसा तो मागे सरकत बाहेर आला, उभं राहायला गेला, आणि थेट बाबांच्या पायांवर पालथा पडला.

छप्पर उडेल असा जयघोष झाला.

"पुराव्या शरण आला!" निवेदकानं त्याच्या तोंडाजवळ ध्वनिक्षेपक धरला. "सांगा, सांगा! काय दिसलं खाली?"

"पाणी..." पुराव्या धापा टाकत म्हणाला, "पाणी नाही..."

"ऐकलंत? स्वतःच्या तोंडानं सांगतोय! पाणी नाही!"

बाबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. पुराव्याला तो झटकायचा होता, पण हात उचलला जाईना. एरवी बाबांच्या एवढ्या जवळ जायला लोक किती ताटकळत बसायचे, आणि याला ते आमंत्रण देऊन मिळालं होतं.

घरी आल्यावर आक्कानं पाण्याचा तांब्या त्याच्या पुढे ठेवला.

"तू पाया पडलास."

"पाया पडलो नाही गं. नुसता पडलो. चक्कर आली."

"का आली?"

अपमानानं आली असावी, असंच त्याला वाटत होतं. आक्कानं त्याच्यासमोर इस्पितळाला फोन लावला आणि सोमवारची तारीख नको म्हणून सांगितलं. त्यानं गप्प बसायचं कबूल केलं होतं, तो गप्प बसला. तिला बाबांनी जेवढं पटवलं नव्हतं तेवढं त्यानं एका लोटांगणात पटवलं होतं.

दुसऱ्या दिवशी कामावर त्याचं लक्ष कशातच नव्हतं. त्याच्या खात्यात यंत्रांचे बारीक सुटे भाग धुतले जात: छर्रे, झडपा, दातांच्या डॉक्टरांना लागणाऱ्या केसाएवढ्या नळ्या. या भागांना पाणी लागलं की गंज धरतो, म्हणून ते पाण्यानं धूत नसत. जाळीच्या टोपल्या भरायच्या, जाड झाकणाच्या यंत्रात ठेवायच्या आणि बटण दाबायचं, की झालं. खात्यात एकच नियम देवाच्या आज्ञेसारखा पाळला जाई, तो म्हणजे यंत्राजवळ कापड आणायचं नाही. कापडाचे तंतू सुटतात, गाळणीत अडकतात आणि अख्खं खातं दिवसभर खोळंबतं. तशी लाल अक्षरांतली पाटी पुराव्यानंच लावली होती, आणि नव्या माणसाला पहिला दम तो याच गोष्टीवरून द्यायचा. इतक्या वर्षांत त्या यंत्रात कापड जाताना कुणी पाहिलं नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीनंतर फिटरनं हाक मारली. "साहेब, गाळणी तुंबली. आत काहीतरी गेलंय."

"काहीतरी म्हणजे काय?"

"फडकं दिसतंय."

पुराव्याचा पारा चढला. कालपासून कुणावर तरी चढायला तो बसलाच होता. त्यानं सगळ्या खात्याला रांगेत उभं केलं. "पाटी वाचता येते का? कोण तो शहाणा? आज फडकं टाकलं, उद्या घरची चादर आणाल! डोकं घरी ठेवून कामावर येता का? ज्यानं हे केलं त्यानं माझ्या डोळ्याला डोळा देऊन सांगावं!"

फिटरनं तोवर झाकण उघडलं होतं. त्यानं आतून फडकं काढलं आणि साहेबांच्या हातात दिलं.

तो एक रुमाल होता. आक्कानं शिवलेला, कोपऱ्यात निळ्या दोऱ्याची खूण असलेला. पुराव्या रोज त्याला हात पुसायचा. तेलानं आणि वंगणानं तो इतका काळवंडला होता की त्याला चौकटी आहेत हे तो स्वतःही विसरला होता. सकाळी टोपली भरताना आक्काच्या विचारात तो त्यानं टोपलीवर ठेवला, आणि टोपलीबरोबर आत सरकवला. एवढा वेळ तो स्वतःलाच शिव्या घालत होता.

रांगेत कुणीतरी खोकलं. हसू दाबल्याचा तो खोकला होता.

पुराव्याचं तिकडे लक्ष नव्हतं. रुमालाच्या चौकटी लख्ख दिसत होत्या. रुमाल कोरडा ठणठणीत होता. आणि बर्फासारखा गार होता.

"गाळाची बरणी आण," तो फिटरला म्हणाला. आवाज बारीक झाला होता.

यंत्राखालच्या बरणीत काळा, चिकट ओघळ जमा झाला होता. पुराव्या तिथंच टोपलीवर बसला. मग त्याला हसू फुटलं, आणि ते थांबेचना. खात्याला वाटलं, साहेबांच्या डोक्यावर परिणाम झाला.

त्या यंत्रात काय भरलेलं असतं हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं. सोडावॉटरच्या बाटलीतून जो वायू फसफसत बाहेर येतो तोच. आपण श्वास सोडतो त्यातही तोच असतो. घट्ट टाकीत कोंबून प्रचंड दाबला की त्याचा पाण्यासारखा द्रव होतो, घरच्या टाकीतला गॅस हलवल्यावर डुचमळतो, तसा. या द्रवाला तेलातुपाचं भारी वेड. दिसेल ते तेल तो आपल्यात घेतो. मग तो खालच्या भांड्यात सोडला आणि दाब काढला, की क्षणात वायू होऊन उडून जातो. तेल मात्र उडत नाही, ते तळाशी राहतं. वस्तू कोरडी, कारण ओलं करणारं काही मागे उरतच नाही. गार, कारण उडता उडता तो वस्तूची ऊब घेऊन जातो. जाड झाकण रोगासाठी नव्हतं, त्या दाबासाठी होतं. पुराव्या हे रोज करत होता. यासाठीच त्याला पगार मिळत होता. नवीन माणसाला हे समजावून सांगताना तो इतका रंगायचा की ते बिचारं जांभया द्यायचं. पण त्याच्या लेखी यंत्र आणि कापड यांची गाठच पडत नव्हती, त्यानंच पडू दिली नव्हती. म्हणून कापड धुताना दिसल्यावर तो पोरासारखा घमेलं शोधत बसला.

"आणि ती चक्कर..." तो पुटपुटला.

फिटरनं भिंतीकडे बोट दाखवलं. तिथं पुराव्याच्या सहीनिशी दुसरी पाटी होती: 'वायू जड आहे. जमिनीलगत साचतो. यंत्राखाली वाकू नये. गुदमरून चक्कर येते.'

"साहेब," फिटर म्हणाला, "तुम्ही काल खाली वाकला होता ना?"

"वाकलो नव्हतो. रांगत होतो."

संध्याकाळी तो तडक सभागृहात जाऊन ओरडणार होता, पण फिटरनं त्याला अडवलं. "काल पण तुम्हाला अशीच खात्री होती." हे लागलं, पण खरं होतं. शिवाय एक गोष्ट अजून जुळत नव्हती. द्रव तेलच काढतो, तर ते कापडात असायला हवं. आक्काचा गळपट्टा तर घरी रोज धुतलेला असायचा. मग तो काळा ओघळ आला कुठून?

घरी आक्का यंत्रावर शिवत बसली होती. तिच्या शेजारी तिचा पुतळा उभा होता, कपडे अंगावर चढवून पाहायला शिंपी ठेवतात तसला, कापसानं भरलेला, बिनडोक्याचा. आक्काच्या मानेला गळपट्टा होता आणि खोलीत उग्र वास येत होता.

"आक्का, हा वास कसला?"

"शीतलेप. बाबांनी डबी दिलीये. धुलाईच्या आधी मानेला लावायचा आणि वर तोच गळपट्टा गुंडाळून ठेवायचा. म्हणजे रोग वर येतो म्हणे."

त्यानं डबी उघडली. आत काळसर, चिकट तेल होतं. काजळी घोटून घातलेलं. पुराव्याच्या ओठांवर विजयाचं भाषण आलं, आणि तिथंच त्यानं ते गिळलं. त्यानं रुमाल काढून तिच्यापुढे ठेवला, दुपारची फजिती पहिल्यापासून सांगितली. आक्का ऐकत होती. रांगेतल्या खोकल्याचा भाग आला तेव्हा तिला हसू आवरेना.

"मला वाटतं, वाटीत पडतं ते हेच तेल," शेवटी तो म्हणाला. "पण मला काल पण वाटलंच होतं. तेव्हा माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. तूच ठरव, कसं बघायचं ते."

आक्कानं पाय चालवायचा थांबवला. तिनं पुतळ्याच्या गळ्यावरून हात फिरवला.

"गिऱ्हाईक सांगतं म्हणून मी कधी थेट पक्की शिलाई मारत नाही," ती म्हणाली. "आधी कच्चे टाके घालून अंगावर चढवून बघते." मग तिनं एकाच तुकड्यातून दोन गळपट्टे कापले. "एक मी घालते, लेपाशिवाय. दुसऱ्याला लेप लावून याच्या गळ्यात बांधते. बाबा म्हणतात ते खरं असेल, तर माझ्या गळपट्ट्यातून रोग निघेल आणि याच्यातून काही निघणार नाही. तू म्हणतोस ते खरं असेल, तर उलटं होईल."

विवेक मंडळाच्या इतक्या सभा झाल्या, पण असा साधा प्रयोग अध्यक्षांना कधी सुचला नव्हता.

"आणि काय रे," आक्कानं विचारलं, "माझ्यातूनच निघालं तर?"

"तर मी पुन्हा पाया पडेन. या वेळी मुद्दाम."

पुढच्या धुलाईला सभागृह ओसंडून वाहत होतं. पुराव्या शरण आल्याची बातमी फिरली होती, आणि गर्दी वाढवायचं श्रेय त्याचंच होतं. आत शिरल्यावर त्यानं आधी मागच्या दोन खिडक्या सताड उघडल्या. सेवक धावले, तेव्हा तो म्हणाला, "बाबांचा गारवा मला सोसत नाही हो," आणि शरण आलेला माणूस म्हणून त्यांनी ते चालवून घेतलं.

आक्का दोन्ही गळपट्टे घेऊन मंचावर गेली.

"बाबा, हा माझा. आणि हा माझ्या घरातल्या जुन्या सोबत्याचा. त्याला इथवर चालवत नाही."

"काय त्रास आहे त्यांना?" निवेदकानं विचारलं.

"काही खात नाही. बोलत नाही. एका जागी ताठ उभा असतो. आणि डोक्याचं म्हणाल तर विचारूच नका."

बाबांनी पुतळ्याचा गळपट्टा हातात घेतला आणि डोळे मिटले. "पोटाचा विकार," ते म्हणाले. "जुना. आतडी गच्च भरलेली. तोच डोक्यात चढलाय. बिचाऱ्याची झोप उडाली असेल."

"डोळा म्हणून मिटत नाही," आक्का म्हणाली.

पुतळ्याचा गळपट्टा आत गेला. खळखळ झाली, फुसकारा झाला, धुकं लोळलं. तोटीतून वाटीत असा घट्ट काळा ओघळ पडला की पहिली रांग किंचाळली. आक्कानं लेप सढळ हातानं लावला होता.

"पाहा!" निवेदक बेंबीच्या देठापासून ओरडला. "पोटविकार! मरणाच्या दारातून परत आणला! बाबा, किती धुलाया?"

"तीन," बाबा म्हणाले. "पण त्यांना स्वतः यावं लागेल."

मग आक्काचा गळपट्टा आत गेला. कोरडा, गार बाहेर आला. सेवकानं वाटी धरली. तोटी कोरडी ठाक. त्यानं ती हलवली, ठोकली. काहीच नाही.

"म्हणजे मी बरी झाले का?" आक्कानं विचारलं आणि मान पुढे केली. "ही गाठ हाताला लागते अजून. बघा हवं तर."

निवेदकानं बाबांकडे पाहिलं. बाबांनी सावरून घेतलं. "बाई, श्रद्धा कमी पडली. श्रद्धा नसेल तर रोग बाहेर येत नाही."

"आणि माझ्या सोबत्याची श्रद्धा पुरली?"

"त्यांची अढळ आहे."

"आण रे त्याला," आक्का म्हणाली.

पुराव्या दारामागून पुतळा काखेत मारून आला आणि त्यानं तो बाबांच्या शेजारी उभा केला. बिनडोक्याचा, कापसाचा, छातीवर टाचण्या खोचलेला. पहिल्यांदा एक बाई हसली. मग हसण्याचा असा लोंढा आला की निवेदकाचा ध्वनिक्षेपक त्यात बुडून गेला.

"पुतळ्याची श्रद्धा माझ्यापेक्षा जास्त निघाली म्हणायची," आक्का म्हणाली. "मी लेप लावला नव्हता. त्याला लावला होता. ज्यानं लेप लावला त्याचाच रोग निघाला, मग तो माणूस असो नाहीतर कापूस. तुमचंच तेल तुम्ही वाटीत घेऊन नाचताय!"

पुराव्यानं मखमल ओढली. खाली यंत्र उघडं पडलं, मागे पडद्याआड वायूच्या टाक्यांची रांग दिसली. त्यानं यंत्र कसं चालतं ते सांगितलं, समाधी कशानं लागते ते सांगितलं, आणि पुढच्या रांगेतली पोरं आधी मोकळ्या हवेत न्यायला लावली. शेवटी तो म्हणाला, "लोकहो, हे यंत्र मी रोज चालवतो. याच्यावर माझं घर चालतं. आणि परवा मला ते ओळखता आलं नाही. मला कळलं नाही, म्हणून तुम्ही चमत्कार मानलात. पण मला कळलं नाही याचा अर्थ एवढाच, की मला कळलं नाही. अशा वेळी पाया पडायचं नसतं. घरी जायचं, विचार करायचा आणि पुन्हा करून बघायचं." तो आणखी बरंच बोलणार होता. आक्कानं त्याची बाही ओढली.

पुढे पोलिसांच्या चौकशीत कळलं की बाबा पूर्वी अशीच यंत्रं विकत फिरायचे. यंत्र म्हणून एक खपलं नव्हतं, चमत्कार म्हटल्यावर रांगा लागल्या.

आक्कानं इस्पितळाला पुन्हा फोन केला आणि डॉक्टरीणबाईंची बोलणी मुकाट्यानं खाल्ली. ऑपरेशनच्या सकाळी तिनं भावाचा हात धरला. "भीती वाटते रे," ती म्हणाली. "वाटणारच," तो म्हणाला. गाठ निघाली. पसरायच्या आत निघाली, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि पुराव्या इस्पितळाच्या जिन्यावर बसून पोरासारखा रडला.

गोष्ट इथं संपली असती तर पुराव्याची कॉलर ताठ राहिली असती. पण काही दिवसांनी पहारेकऱ्यानं त्याला बोलावलं, आणि कारखान्याच्या फाटकाबाहेर माणसांची रांग दिसली. कुणाच्या हातात सदरा, कुणाच्या हातात शाल.

"बाबा ढोंगी होता हो," रांगेतली पहिली बाई म्हणाली. तिच्या हातात लहान मुलीचा फ्रॉक होता. "त्याचं तेल खोटं होतं. तुमचं यंत्र खरं आहे ना? तुम्ही खरे आहात. एवढा फ्रॉक धुऊन द्या. पोरीचा ताप उतरत नाही."

पुराव्यानं डोक्याला हात लावला. ढोंगी बाबा हटवून त्या जागी लोकांनी खरा बाबा बसवला होता, आणि तो खाकी डगल्यातला बाबा म्हणजे पुराव्या स्वतःच होता. तो समजावू लागला: दाब, द्रव, वायू. लोक माना डोलवत होते आणि कपडे पुढे करत होते.

आक्का त्याचा डबा घेऊन आली होती. तिनं डबा पहारेकऱ्याच्या टेबलावर ठेवला, त्या बाईसमोर गेली आणि मानेवरचा गळपट्टा सोडला. जखमेवर अजून लाली होती.

"हे बघा. इथून गाठ काढली. कापून काढली. घाबरले होते, रडले, तरी गेले. म्हणून आज तुमच्यासमोर उभी आहे. दोन धुलायांत गळपट्टा लख्ख झाला होता, पण गाठ होती तिथंच होती." ती त्या फ्रॉकवरून हात फिरवत म्हणाली, "बाई, कापड धुतलं की कापड स्वच्छ होतं. पोरगी बरी होत नाही. तिला डॉक्टरकडे न्या. आज न्या."

बाईनं फ्रॉककडे पाहिलं, आक्काच्या मानेकडे पाहिलं.

"दुखलं का फार?" तिनं हळूच विचारलं.

"दुखलं," आक्का म्हणाली. "चला, मी येते तुमच्याबरोबर."